कुडाळ प्रांतांतील घरांची अंतर्रचना

१. जुन्या घरांत कागद शोधावयास जाणाऱ्याचें लक्ष घराकडे नसतें. ओटीवर पानसुपारी होते, घरधनी माळ्यावर चढतो, धुळीनें माखलेला रुमाल खालीं येतो. आणि मग भिंत कशाची, खांब कसले, रुमाल कोणत्या खोलींतून आला, हा विचार कोणाच्या मनांतहि येत नाहीं. हा अपराध आम्हींहि केला आहे व त्याचें फळ काय मिळालें तें पुढें सांगणार आहों. कुडाळ व आसपासच्या गांवांतील जुन्या घरांची आंतील मांडणी, तींत एकमेकींशेजारीं नांदणाऱ्या निरनिराळ्या रीती, आणि त्या रीतींवरून कागदपत्रांचा संबंध ठरविण्यास होणारें साह्य, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: कुडाळकडील जुन्या घरास एक रीत नसते. ओटीची रीत निराळी, माजघराची निराळी, देवघराची निराळी. उंबरठा ओलांडून जसजसें आंत जावें तसतसा काळ मागें जातो. म्हणून ओटी पाहून घराचा काळ ठरवूं नये, आणि कागद कोणत्या खोलींत सांपडला हें टिपून घेतल्यावांचून तो उचलूं नये.

२. कुडाळ हें परगण्याचें जुनें ठाणें. सत्ता प्रभु देसायांकडून सावंतांकडे गेली, तरी सावंतांच्या पदवींत 'सरदेसाई, प्रांत कुडाळ' हें नांव राहिलेंच. १६६४ सालीं शिवाजीमहाराज ह्या प्रांतांत उतरले व कुडाळ येथें खवासखानाशीं त्यांची लढाई झाली. दक्षिणेस पोर्तुगीजांचें गोवें, समुद्राकडे वेंगुर्ल्याच्या बंदरांत सतराव्या शतकांत डचांनीं घातलेली वखार, पूर्वेस घाट चढून बेळगांवाकडे जाणारी वाट, आणि जवळच सुंदरवाडीचा, म्हणजे सावंतवाडीचा, दरबार. अशा चौरस्त्यावरील मुलुखांत बाहेरच्या वस्तु व बाहेरच्या रीती येणें अपरिहार्य होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून निराळा झाला. परंतु घरांच्या रीतींवर ह्या राजकीय घडामोडींपेक्षां बंदर, घाट व मुंबईची नोकरी ह्यांचा परिणाम अधिक झालेला आहे.

३. प्रथम घराचा सांगाडा सांगतों. पुढें खळें व त्यांत तुळशीवृंदावन. पायऱ्या चढून पडवी. मग ओटी, जिला मालवणी बोलींत लोटो म्हणतात. ओटीच्या मागें माजघर. माजघराच्या एका अंगास देवघर, दुसऱ्या अंगास बाळंतिणीची खोली. त्यामागें स्वयंपाकघर, मागील पडवी, न्हाणी व विहीर. आणि वर माळा. भिंती मातीच्या किंवा जांभ्या चिऱ्याच्या. वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणून छप्पर उतरतें व वळचणी खालपर्यंत आलेल्या. पूर्वीं छपरावर गवत किंवा नळीचीं कौलें असत. मंगळूर येथें १८६५ सालीं बासेल मिशननें कौलांचा कारखाना काढला. तेथील चपटीं कौलें पुढें साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं व इकडेहि आलीं.

देशावरील वाडा चौकाभोंवतीं उभा असतो व चौकांतून आंतल्या सोप्यांना उजेड मिळतो. आमच्या सामान्य घरास चौक नाहीं. मोठ्या घराण्यांच्या कांहीं घरांत, विशेषतः गोव्याच्या बाजूस, राजांगण आढळतें. पण तो अपवाद होय. बहुतेक घरांत माजघर चहूंकडून खोल्यांनीं वेढलेलें, थंड व अंधारें असतें. हा अंधार ध्यानांत ठेवावा. शोभेच्या वस्तूस उजेड लागतो व पाहणारा लागतो. हीं दोन्हीं ओटीवर मिळतात. माजघरांत दोन्ही नाहींत. सोंवळ्याचा निर्बंध तर माजघरापासूनच सुरू होतो. उजेड, परका माणूस व सोंवळें ह्या तीन कारणांनीं बाहेरची रीत ओटीपर्यंत येऊन थांबली.

४. घराचा बाह्यभाग व अंतर्भाग ह्यांची रीत निराळी असावी, ही कल्पना नवी नव्हे. सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास घालण्यांत येणाऱ्या वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाच्या घराचे असेच दोन भाग सांगितले आहेत: आंतील भाग स्त्रियांच्या निद्रेसाठीं व बाहेरील भाग नागरकाच्या स्वतःच्या वापरासाठीं. बाहेरील दालनांत मऊ बिछान्याचा पलंग, दोन्ही अंगांस उशा, वर पांढरें आस्तरण. भिंतींतल्या नागदंतावर, म्हणजे खुंटीवर, टांगलेली वीणा. चित्र काढण्याचा फलक, कुंचल्यांची पेटी, द्यूताचा पट, आणि कोणतें तरी एक पुस्तक. संग्राहकांनीं ह्या शेवटच्या वस्तूकडे अवश्य लक्ष द्यावें. पुस्तक पाहुण्यांस दिसेल अशा जागीं ठेवण्याचा प्रघात इतका जुना आहे; आणि दिसण्यासाठीं ठेवलेलें पुस्तक व आंत जपून ठेवलेलें पुस्तक ह्यांत भेद करणें हें आमचें कामच आहे.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वास्तुविद्या निराळी व शय्यासनलक्षण निराळें सांगितलें आहे. पलंगास व आसनास कोणतें लांकूड शुभ ह्याच्या त्याच्या यादींत शाक म्हणजे साग व शिंशपा म्हणजे शिसवी हीं दोन्ही आहेत. कोंकणांतील सुतार आजहि प्रथम ह्यांचेंच नांव घेतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत राजाच्या उपभोगांमध्यें गृह, आसन व शय्या ह्यांस स्वतंत्र प्रकरणें आहेत. चित्रासाठीं भिंत कशी गुळगुळीत करावी आणि म्हशीचें कातडें शिजवून वज्रलेप कसा करावा हेंहि तो सांगतो. परंतु हीं शास्त्रें राजाच्या किंवा धनिक नागरकाच्या घराचीं आहेत. खोताच्या, भटजीच्या किंवा कुळाच्या घरासाठीं कोणीं ग्रंथ लिहिला नाहीं. त्याचा ग्रंथ तें घरच होय.

५. आतां ओटी पाहूं. हिच्यावर तीन थर स्पष्ट दिसतात. सर्वांत जुना थर बैठकीचा: जाजम किंवा सतरंजी, त्यावर गादी, मागें लोड व तक्क्या, पुढें उतरत्या झांकणाची लिहिण्याची पेटी. ही दरबारी रीत. सुंदरवाडीच्या व देशावरील सरदारांच्या दिवाणखान्याची लहान प्रत. दुसरा थर बंदरांतून व गोव्याहून आलेला: उंच पाठीच्या खुर्च्या, वेताची आरामखुर्ची, कांचेच्या हंड्या, बिलोरी आरसा, चिनी मातीच्या बरण्या. गोव्याच्या जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, दर्शनी बालकांव व पाहुण्यांचें प्रशस्त दालन अशी घराची घडणच पालटलेली दिसते. आमच्याकडे घडण पालटली नाहीं, वस्तु तेवढ्या आल्या व त्या ओटीवर बसल्या. तिसरा थर मुंबईचा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें मळवलीस गेला. त्याच्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती मुंबईकर चाकरमान्यांच्या ट्रंकांतून गांवोगांव पोंचल्या. त्यांच्या जोडीस भिंतीवरचें घड्याळ व वाडवडिलांचीं छायाचित्रें आलीं. एका भिंतीवर हे तिन्ही थर असूं शकतात. म्हणून ओटीवर रविवर्म्याची तसबीर आहे एवढ्यावरून घर शंभर-सव्वाशें वर्षांचें मानणें हें पोथीच्या नव्या बासनावरून पोथीचा काळ ठरविण्यासारखें आहे.

ह्या अनुमानास शब्दांची साक्ष बळकट आहे. तक्क्या, जाजम, दिवाणखाना हे शब्द फारसीकडून आले. खुर्ची मूळ अरबी. कोच व ट्रंक इंग्रजी. गोव्याच्या सीमेवर खिडकीस जनेल व खुर्चीस कदेल म्हणतात, ते पोर्तुगीज. आतां माजघराचा उंबरठा ओलांडावा. माजघर म्हणजेच मध्यगृह. जातें हें यंत्र शब्दापासून, शिंकें शिक्यापासून, उखळ उलूखलापासून, चूल चुल्लीपासून, पाट पट्टापासून निघाले. एका उंबरठ्यानें फारसी, पोर्तुगीज व इंग्रजी एका बाजूस आणि संस्कृत-प्राकृत दुसऱ्या बाजूस अशी वांटणी केलेली आहे. ह्यास अपवाद सांपडतील. पण एकंदर ओघ असाच आहे.

६. माजघरांतील सामान मोजकें. पाट, घडवंची, पेटारा, दिव्यासाठीं भिंतींत दिवळी, वस्तूंसाठीं कोनाडा, कपड्यांसाठीं खुंट्या व वलणी, आणि भिंतींतच कोरून काढलेलें फडताळ. जमीन चोपण्यानें चोपून शेणानें सारवलेली व सणावारीं तीवर कणे काढलेले. येथें कपाट ह्या शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. संस्कृतांत कपाट म्हणजे दाराची झडप. मराठींत तोच शब्द वस्तु ठेवण्याच्या उभ्या पेटीस लागला. हें स्थित्यंतर कसें झालें असेल तें माजघरांतील फडताळ पाहिल्यावर कळतें: भिंतींतील पोकळीस झडपा बसविल्या, झडपांचें नांव साऱ्या पोकळीस मिळालें, आणि पुढें ती पेटी भिंतीपासून सुटून ओटीवर येऊन उभी राहिली तेव्हां नांवहि तिच्याबरोबर आलें. भिंतींतील फडताळ हें ह्या दृष्टीनें अधिक जुनें, आणि बहुधा महत्त्वाचे कागद तेथेंच असतात.

चित्रांविषयीं एक गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. सामान्य घरांत चित्र बारमास भिंतीवर राहण्याची रीत फार जुनी दिसत नाहीं. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यांत भिंतींवर चित्रें आहेत. पण तो मुत्सद्द्याचा वाडा. आमच्या बाजूस काव व चुना ह्यांचे थर देऊन वरचा लाल थर खरवडून खालची पांढरी रेघ काढण्याची कला आहे, ती मुख्यतः देवळांची. घरांत चित्र असे तें मिटलेलें असे. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर मंडळींच्या चित्रकथीच्या पोथ्या म्हणजे रामायण-महाभारतांतील कथांच्या सुट्या चित्रांचे संच. कथा लावावयाची तेव्हां एकेक चित्र पुढें धरावयाचें, एरव्हीं तीं बासनांत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचीं १२० पानें, तींहि रंगविलेल्या डबींत. वर्षांतून एकदां गणेशचतुर्थीस मात्र भिंत बोलते: गणपतीच्या मागची भिंत रंगवितात, वर माटवी बांधून तिला आंब्याचे टाळ, कवंडाळें, हरणाचीं फुलें, नारळ व सुपारीचे घोस लटकवितात. ती शोभा कांहीं दिवसांची. सारांश, जुन्या रीतींत चित्र प्रसंगीं उघडावयाचें, नव्या रीतींत तें सदैव टांगावयाचें; आणि हा फरक घडवून आणण्यांत छापखान्याचा वांटा मोठा आहे.

७. देवघर हें सर्वांत स्थिर. समई, ताम्हन, देव्हारा व आसनाचे पाट ह्यांची जागा पिढ्यानपिढ्या पालटत नाहीं. येथें जी एकच शोभा शिरली ती सावंतवाडीच्या लाखकामाची: लाखेच्या रंगाचे पाट, चौरंग, देव्हारे. कातारी लांकूड चरकावर फिरवितो व घर्षणाच्या उष्णतेनें लाख त्यावर बसवितो. तिची झळाळी समईच्या मंद उजेडांतहि दिसते, म्हणूनच ती काळोख्या खोलीस शोभली असावी. ही कला लयास जाऊं लागली असतां शिवरामराजे भोंसले व राणी सत्वशीलादेवी ह्यांनीं तिला व गंजिफांच्या कलेला राजवाड्यांतच आश्रय दिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

८. आतां कागदांकडे वळूं. आमच्या पाहण्यांत आलेल्या घरांवरून असें दिसतें कीं कागदांसहि खोली ठरलेली असते. ओटीवरील पेटींत चालू व्यवहार: साऱ्याच्या पावत्या, कुळांच्या यादी, हिशेबाच्या वह्या. माजघरांतील फडताळांत घराण्याचा ऐवज: सनदा, वांटणीपत्रें, गहाणखतें, पत्रिका. देवघरांत पोथ्या, पूजेच्या व उत्सवाच्या पाळ्यांच्या यादी. माळ्यावर जें कोणास नकोसें झालें पण टाकवलें नाहीं तें. माळा चुलीच्या धुरांत असल्यामुळें तेथील कागद काळवंडे, पण कसर व वाळवी ह्यांचा उपद्रव त्यास कमी होई. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढल्यापासून असे रुमाल मिळविण्याची जी विद्या वाढली तिच्यामुळेंच इतिहासाचा हा एवढा संभार हातीं आला. पण 'अमक्याच्या घरीं मिळाला' ह्यापुढें 'अमक्या खोलींत मिळाला' हें टिपण्याची संवय मात्र आपणांस लागली नाहीं.

तिच्या अभावीं काय होतें तें आमच्या अनुभवावरून सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, शाळेंत नोकरीस असतांना, कुडाळपासून दोन कोसांवरील एका गांवीं एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस दोन ठिकाणचे कागद दिले. एक गठ्ठा ओटीवरील पेटींतला, दुसरा देवघरांतल्या फडताळांतला. संध्याकाळ झाली होती, पाऊस भरून आला होता. आम्हीं दोन्ही गठ्ठे एकाच पंचांत बांधून घरीं आणले. त्यांत एक सुटा बंद निघाला. त्यावर तिथि नाहीं, मथळा नाहीं. बारा नांवें आणि प्रत्येकापुढें तांदूळ, नारळ व तेल ह्यांचें माप, एवढेंच. अक्षर दोन्ही गठ्ठ्यांतील कागदांशीं जुळतें. हा बंद पेटींतला असेल तर ती कुळांकडून यावयाच्या वसुलाची याद; देवघरांतला असेल तर उत्सवानिमित्त घरानें द्यावयाच्या नेमणुकांची याद. म्हणजे तेंच घर त्या बारा माणसांकडून घेत होतें कीं त्यांस देत होतें, हा प्रश्न केवळ खोलीवर अवलंबून आहे. आम्ही पुढच्या सुटींत विचारावयास गेलों तों ते गृहस्थ निवर्तले होते. कांहीं वर्षांनीं घर पाडून तेथें सिमेंटचें नवें घर झालें. तो बंद आजहि आमच्याजवळ आहे. अक्षर लागतें, अर्थ लागत नाहीं. त्याचा दोष कोणा दुसऱ्यावर टाकतां येत नाहीं.

९. कोणी म्हणेल कीं आंतल्या खोल्या जुन्या राहिल्या त्या दारिद्र्यामुळें. पैसा असता तर माजघरहि पालटलें असतें. ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण ज्या घरांच्या ओटीवर हंड्या-झुंबरें लागलीं त्या घरांचीं माजघरेंहि सारवलेलींच राहिलीं, ह्याचा उलगडा दारिद्र्यानें होत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे: आतां आंतली बाजूच आधीं पालटते. हें खरें आहे, आणि आमच्या चिंतेचें कारणहि हेंच आहे. चुलीच्या जागीं ग्यासची शेगडी आली, स्वयंपाकघरास फरशी व सिमेंटचा ओटा झाला, दिवळीच्या जागीं विजेचा दिवा आला. ह्यांत घरांतील बायकांचे कष्ट कमी झाले; त्याबद्दल कोणीहि शहाण्यानें हळहळूं नये. मात्र धूर गेला तसा माळ्याचा रक्षक गेला. जेथें कागद दोनशें वर्षें टिकले तेथें आतां ते चार-पांच पावसाळ्यांत वाळवीच्या स्वाधीन होतात. उलट ओटीवर मात्र जुनेपणा मुद्दाम आणून मांडण्याची रीत निघाली आहे: कोणाचें नक्षीचें दार मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांत मेजाची फळी होतें, कोणाची समई कोपऱ्यांत शोभेस उभी राहते. उंबरठ्यापासून आंत जावें तसा काळ मागें जातो हा जो नियम आम्हीं वर सांगितला, तो ह्यापुढील घरांस लागू पडणार नाहीं. म्हणून ज्या घरांस तो अद्यापि लागू आहे त्यांची नोंद आतांच झाली पाहिजे.

१०. ह्यासाठीं संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी. रुमाल उचलण्यापूर्वीं पांच गोष्टी लिहाव्या: खोली कोणती, त्या खोलींतील जागा कोणती, म्हणजे पेटी, फडताळ, कोनाडा कीं माळा, शेजारीं कोणत्या वस्तु होत्या, गांठ व बासन कसें होतें, आणि तो तेथें कोणीं व केव्हां ठेवला ह्याविषयीं घरांतील वडील माणसांचें म्हणणें. वडील माणसांत बायकांस अवश्य विचारावें. माजघराचा इतिहास पुरुषांस क्वचितच ठाऊक असतो. घराचा उभाआडवा नकाशा एका पानावर काढावा व त्यावर जागेची खूण करावी. पूर्वीं छायाचित्र घेणें खर्चाचें होतें. आतां तें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत असतें, तेव्हां ती सबब उरलेली नाहीं. दोन जागचे गठ्ठे एका फडक्यांत कधींहि बांधूं नयेत.

पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव व काळ लिहितो. ती पुष्पिका नसली तर आपण किती खटपट करतों हें वाचकांस सांगणें नकोच. सुट्या कागदास पुष्पिका नसते. तो ज्या कोनाड्यांत सांपडला तो कोनाडा हीच त्याची पुष्पिका.